जुन्या कन्सोलमधून नव्यात बिऱ्हाड हलवताना

2025 च्या दिवाळीत भाचा घरी आला तो दोन खोकी घेऊन. एकात चार वर्षं वापरलेला निन्टेंडो कंपनीचा स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), दुसऱ्यात दुबईच्या काकांनी आणलेला कोरा स्विच 2. जेवणं आटोपली, टेबल पुसून घेतलं आणि त्यानं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. जुन्याच्या वरच्या खाचेतून नखानं ते टपाल तिकिटाएवढं कार्ड बाहेर काढलं आणि विचारलं, "मामा, हे यातून काढून त्यात घातलं की झालं ना?"

"गेम सुरू होईल," मी म्हटलं. "तुझा खेळ सुरू होणार नाही."

त्याला ते पटेना. कार्ड तेच, गेम तोच, मग आपण खेळलेले दीडशे तास जातील कुठे? हा प्रश्न मला आजवर बऱ्याच जणांनी विचारला आहे. काहींनी जुनं यंत्र विकून टाकल्यावर विचारला, तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलं नव्हतं. म्हणून त्या रात्री त्याला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितो.

आपण ज्याला 'गेम' म्हणतो त्यात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे खुद्द गेम: चित्रं, आवाज, नियम, सगळा प्रोग्राम. तो लाखो लोकांकडे अगदी सारखा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सेव्ह: तुम्ही कुठवर पोचलात, काय काय जमवलं, कुणाला कोणतं नाव दिलं, याची नोंद. ती साऱ्या जगात फक्त तुमच्याकडे असते. तिसरी गोष्ट म्हणजे हक्क: हा गेम तुम्ही पैसे देऊन घेतलाय याचा पुरावा. नवीन कन्सोल घेताना विचारायचं ते एवढंच, की माझ्या बाबतीत या तिघी सध्या कुठे राहतात? जुन्या यंत्रात, कार्डात, मेमरी कार्डात, की कंपनीच्या सर्व्हरवर? दर पिढीत त्यांनी घर बदललंय, आणि गोंधळ होतो तो तिथेच.

सुरुवातीला तिघी एकाच घरात नांदत होत्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणायचे. चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय जपानमध्ये एप्रिल 1989 मध्ये आला. गुनपेई योकोई यांच्या चमूनं तो घडवला होता आणि तो चार पेन्सिल सेलवर चालायचा. त्याच्या गेमही अशाच कॅसेटमध्ये असत. कॅसेटच्या आत एका चिपवर गेम कायमचा कोरलेला. ज्या गेममध्ये सेव्हची सोय होती, त्यात दुसरी एक छोटी चिप असायची. ही दुसरी चिप वीज गेली की सगळं विसरते. तिनं विसरू नये म्हणून कॅसेटमध्येच घड्याळात असतो तसला चपटा सेल डाख देऊन बसवलेला असे. यंत्र बंद असलं तरी तो सेल वर्षानुवर्षं त्या चिपला जागं ठेवायचा. हक्काचा तर प्रश्नच नव्हता, कॅसेट ज्याच्या हातात त्याचा हक्क. त्यामुळे एका गेम बॉयमधून काढून दुसऱ्यात घातली की गेम, सेव्ह आणि हक्क तिन्ही एका झटक्यात हलायचे. भाच्याच्या मनात जो सरळ हिशोब होता, तो त्या काळी अगदी बरोबर होता.

सेल मात्र कधी ना कधी संपतो. 1999 साली आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये खेळातले दिवस-रात्र खऱ्या वेळेप्रमाणे चालायचे. कॅसेटमधलं ते घड्याळही त्याच सेलवर चालत असल्यानं तो आणखी लवकर संपायचा, आणि संपला की सेव्ह गेलं. 2002 मधल्या पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश चिपवर गेलं आणि सेल फक्त घड्याळासाठी उरला. म्हणून आज कपाटातून रूबीची कॅसेट काढून लावली, तर आतला सेल संपल्याची सूचना येते, तरी गेम चालतो आणि जुनं सेव्हही तसंच सापडतं. काळाशी जोडलेल्या घटना तेवढ्या थांबलेल्या असतात. तुमच्याकडे त्याआधीची, सेव्हसाठी सेल लागणारी कॅसेट असेल, तर सेल बदलायच्या आधी कार्ट्रिज रीडरनं, म्हणजे कॅसेट संगणकाला जोडणाऱ्या उपकरणानं, सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. डाख सोडवून सेल काढला की त्याच क्षणी चिप सगळं विसरते.

आता दुसरा भाग. नवं यंत्र जुना गेम चालवतं कसं? गेम म्हणजे शेवटी एका ठरावीक प्रोसेसरला दिलेल्या सूचना. प्रोसेसर बदलला की त्या सूचना त्याला कळत नाहीत. यावर यंत्र बनवणाऱ्यांसमोर तीन वाटा असतात: जुना प्रोसेसरच नव्या यंत्रात बसवायचा, दुभाषी नेमायचा, किंवा जुनं सोडून द्यायचं. निन्टेंडोनं वेगवेगळ्या वेळी तिन्ही वाटा चोखाळल्या आहेत.

2001 चा गेम बॉय ॲडव्हान्स हे पहिल्या वाटेचं फार सुंदर उदाहरण. त्याच्या आत नवा प्रोसेसर होताच, शिवाय जुन्या गेम बॉयच्या जातीचा एक प्रोसेसर वेगळा ठेवला होता. कोणता जागा करायचा हे यंत्राला कसं कळायचं? कॅसेट घालायच्या खाचेत आत एक इवलीशी कळ होती. जुन्या कॅसेटचा आकार असा, की आत सरकताना ती कळ दाबली जायची. नव्या कॅसेटला त्या जागी खाच ठेवलेली, म्हणून कळ तशीच राहायची. कळ दाबली गेली की जुन्या कॅसेटला लागणारे 5 व्होल्ट, नाहीतर नव्या कॅसेटचे 3.3 व्होल्ट. प्लास्टिकच्या आकारावरून अख्ख्या यंत्राचा स्वभाव ठरायचा. जुन्या गेमचं चित्र नव्या रुंद पडद्यावर मधोमध लहान दिसायचं, पण खांद्यावरची एल किंवा आर बटणं दाबली की ते आडवं ताणून पडद्याच्या रुंदीभर व्हायचं. मला ती सोय फार आवडायची, कारण ताणलेलं चित्र हवं की मूळ मापाचं, हे खेळणाऱ्यावर सोडलेलं होतं.

2004 साली आलेल्या, दोन पडद्यांच्या निन्टेंडो डीएसला दोन खाचा होत्या, वर डीएसच्या कार्डाची आणि खाली गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटची. मूळ गेम बॉयचे गेम तिथे सुटले. 2008 च्या डीएसआयमध्ये खालची खाचही गेली. मागचं एखादंच पाऊल सोबत घ्यायचं आणि त्याच्या मागचं सोडायचं, असा तो शिरस्ता होता.

2011 चा थ्रीडीएस डीएसची कार्डं चालवायचा. सेव्ह कार्डातच असल्यामुळे तिथेही तिघी एकत्र हलायच्या. थ्रीडीएसच्या कार्डाला मात्र कडेला एक छोटा कान ठेवला होता, म्हणजे ते चुकूनही जुन्या डीएसमध्ये शिरू नये. पण डीएसचा गेम थ्रीडीएसवर लावला की चित्र जरा पुसट दिसायचं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण हाच प्रकार 2025 मध्ये स्विच 2 वर परत आला.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. डीएसचा पडदा म्हणजे आडव्या ओळीत 256 ठिपके आणि अशा 192 ओळी. थ्रीडीएसचा खालचा पडदा 320 बाय 240 चा. म्हणजे दर चार ठिपक्यांची रांगोळी पाच ठिपक्यांत बसवायची. चारच्या आठ करायच्या असत्या तर सोपं होतं, एकेका ठिपक्याचे दोन दोन केले की झालं. पण चारचे पाच करताना पाचवा ठिपका कोणाच्या रंगाचा? मग शेजारच्या दोघांचे रंग थोडे थोडे मिसळावे लागतात आणि रेघ धूसर होते. यावर एक उपाय होता: गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरलं की चित्र मूळ 256 बाय 192 मध्येच, थोडं लहान पण काचेसारखं स्वच्छ दिसायचं. थ्रीडीएस अजून घरात असेल तर करून पाहा. कित्येकांनी वर्षानुवर्षं धूसर चित्रावर समाधान मानलं, कारण हे बटण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

सोनीच्या बाजूनं एक ओळखीचा दाखला देतो, कारण आपल्याकडे त्यांचं हातातलं यंत्र पीएसपी असलेली घरं पुष्कळ होती. पीएसपीचे गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर यायचे. 2011 साली जपानमध्ये त्याचा वारस व्हीटा आला आणि त्याला चकती घालायची जागाच नव्हती. ज्यांच्याकडे चकत्यांचा डबा होता, त्यांचा गेमही हातात आणि हक्कही हातात, पण त्यांना उतरायला नव्या यंत्रात घरच नाही. तेव्हा कार्ड किंवा चकती आपल्या मालकीची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती वाचणारं यंत्रही लागतं.

मग डाउनलोडचा काळ आला आणि तिघींची ताटातूट झाली. थ्रीडीएसवर ई-शॉपमधून, म्हणजे निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेला गेम एसडी कार्डावर उतरायचा, त्याचं सेव्हही तिथेच. पण ते एसडी कार्ड दुसऱ्या थ्रीडीएसमध्ये घातलं तर काहीच दिसायचं नाही, कारण कार्डावरचं सगळं त्या एका यंत्राच्या खास किल्लीनं कुलूपबंद केलेलं असायचं. हक्क तर यंत्राशी आणि खात्याशी बांधलेला. नव्या थ्रीडीएसवर जायचं तर दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवून 'सिस्टीम ट्रान्सफर' करायला लागायचं, तेव्हा कुठे किल्ली बदलायची. ज्यांनी हे न करता जुनं यंत्र विकलं, त्यांच्या हातात एसडी कार्ड राहिलं पण त्यातलं काही उघडेना.

आणि दुकानं कायम उघडी राहत नाहीत. थ्रीडीएसचं ई-शॉप 27 मार्च 2023 ला खरेदीसाठी बंद झालं. ऑनलाइन खेळण्याची सोय 8 एप्रिल 2024 ला संपली. आधी घेतलेलं पुन्हा उतरवून घेण्याची सोय त्यानंतरही सुरू ठेवली आहे, पण ती कधीतरी संपेल असंच धरून चाला. थ्रीडीएस वापरत असाल तर विकत घेतलेले सगळे गेम आजच एसडी कार्डावर उतरवून ठेवा आणि त्या कार्डाची एक प्रत संगणकावर काढून ठेवा. ती प्रत त्याच थ्रीडीएसवर चालेल, दुसऱ्यावर नाही, पण एसडी कार्ड खराब झालं तर तीच कामी येईल.

थ्रीडीएसवरून 2017 च्या स्विचवर येताना निन्टेंडोनं तिसरी वाट घेतली. जुनं सोडून दिलं. कार्डाचा आकार वेगळा, प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप तर सर्वस्वी वेगळ्या घराण्यातली. मुख्य म्हणजे दोन पडद्यांसाठी रचलेला गेम एका पडद्यावर मांडायचा कसा? खाली नकाशा आणि वर रस्ता, अशी ज्या खेळाची रचनाच आहे तो टीव्हीवर कुठे बसवणार? मला हे सोडून देणं तेव्हा लागलं होतं, पण आज विचार करता दुसरा मार्ग फारसा नव्हता असंच वाटतं. त्यामुळे थ्रीडीएसवरून स्विच किंवा स्विच 2 वर येणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी: गेम, सेव्ह, हक्क यातलं जवळजवळ काहीही सोबत येत नाही. एका वाटेनं येतं, ते शेवटी सांगतो.

आता भाच्याच्या कार्डाकडे परत येऊ. स्विचनं एक मोठा बदल केला, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्विचच्या कार्डावर फक्त गेम आणि हक्क असतो. सेव्ह यंत्राच्या आतल्या मेमरीत असतं. मायक्रोएसडीवर गेम ठेवला तरी सेव्ह आतच. कार्ड जिवापाड जपलं आणि यंत्र पाण्यात पडलं, तर सेव्ह गेलं.

हे मी स्वतः भोगलंय. पहिला स्विच एका नातेवाइकाला द्यायचा म्हणून मी तो फॅक्टरी रीसेट केला. कार्ड काढून खिशात घातलं होतं, म्हणून मन निश्चिंत होतं. नव्या यंत्रात कार्ड घातलं तेव्हा पडद्यावर फक्त 'नवा खेळ' एवढाच पर्याय होता. त्या गेममध्ये मी आणि माझ्या बायकोनं लॉकडाऊनच्या दिवसांत रोज रात्री थोडं थोडं करून एक गाव वसवलं होतं. गेम आजही माझ्याकडे आहे, पण ते गाव नाही. तेव्हापासून कुणी जुनं यंत्र विकायला निघालं की मी आधी विचारतो, सेव्ह कुठे आहे ते पाहिलंस का?

यावर क्लाउडचा उपाय आहे. निन्टेंडोची सशुल्क ऑनलाइन सदस्यता असेल तर बहुतेक गेमचं सेव्ह आपोआप सर्व्हरवर जातं. पण 'बहुतेक' हा शब्द विसरू नका. काही गेम, विशेषतः ज्यात खेळाडू आपापसात वस्तूंची देवाणघेवाण करतात किंवा स्पर्धा करतात, ते क्लाउडला सेव्ह देत नाहीत, कारण जुनी प्रत परत आणून कुणी लबाडी करू नये. ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स या गेममध्ये आपण वसवलेलं बेट तर नेहमीच्या वाटेनं हलतच नाही. अख्ख्या यंत्राचं ट्रान्सफर केलं तर ते येतं, नाहीतर त्यासाठी वेगळं ॲप वापरावं लागतं. सदस्यता संपली तर क्लाउडमधलं सेव्ह परत मिळवायला 180 दिवसांत ती पुन्हा घ्यावी लागते. आणि दोन यंत्रांमध्ये थेट एकेका गेमचं सेव्ह पाठवलं, तर त्याची प्रत होत नाही. ते जुन्यातून जातं आणि नव्यात येतं. सामान टेम्पोत चढवलं की जुन्या घरात उरत नाही, तसंच.

स्विच 2 हा 5 जून 2025 ला आला. इथे निन्टेंडोला जुनं सोडून देणं परवडणारंच नव्हतं. 15 कोटींहून जास्त स्विच विकले गेले होते, आणि लोकांच्या कपाटात गेमचे ढीग होते. पण या खेपेला जुना प्रोसेसर आत बसवलेला नाही. दुभाष्याची वाट घेतली आहे, तीही अर्धीच, आणि ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

समजा तुमच्या आजोळच्या ट्रंकेत शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद सापडला. त्यातली भाषा मराठीच आहे, कुणी वाचून दाखवली तर तुम्हाला शब्द न् शब्द कळेल. लिपी तेवढी येत नाही. मग मोडी जाणणारा कुणी शेजारी बसून वाचत जातो आणि तुम्ही ऐकत जाता. स्विच 2 मध्ये साधारण हेच होतं. दोन्ही यंत्रांचे मुख्य प्रोसेसर एआरएम घराण्यातले, म्हणजे भाषा एकच. हिशोब, नियम, हालचाली यांच्या सूचना नव्या प्रोसेसरला कळतात. पण चित्र काढणारी चिप एनव्हिडियाच्या नव्या पिढीची आहे. कन्सोलच्या गेममध्ये चित्रांच्या सूचना एका ठरावीक चिपच्या लिपीत आधीच लिहून ठेवलेल्या असतात. संगणकावर गेम सुरू होताना त्या त्या वेळी तयार केल्या जातात, कन्सोलवर मात्र कारखान्यातूनच लिहून येतात. नव्या चिपला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून स्विच 2 मधलं सॉफ्टवेअर गेम चालू असतानाच, तुम्ही उडी मारत असतानाच, ती वाचून नव्या लिपीत लिहून देतं. दुभाषी चुकला की तेवढ्यापुरतं चित्र बिघडतं. सुरुवातीला काही गेम अडखळत होते, ते पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होत गेले, त्याचं कारण हेच.

दुभाषी बारीकसारीक सगळं बदलू शकत नाही. हातात धरून खेळताना स्विचचा गेम फार तर 1280 बाय 720 ठिपक्यांचं चित्र काढायचा. स्विच 2 चा पडदा 7.9 इंचांचा आणि 1920 बाय 1080 चा. म्हणजे दोन ठिपक्यांचे तीन करायचे. पुन्हा तीच रांगोळी! भाच्यानं गेम लावून पाच मिनिटांतच विचारलं, "मामा, जुन्यावर जास्त शार्प दिसायचं का?" त्याचे डोळे बरोबर होते. ज्या गेमला स्विच 2 साठी अपडेट मिळालंय, तिथे चित्र एकदम खुलतं. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेटला तर ते फुकट मिळालं आणि त्यांची चालही गुळगुळीत झाली. ज्यांच्याकडे जुना ओलेड पडद्याचा स्विच आहे, त्यांना मी खुशाल सांगतो, अपडेट न मिळालेले गेम त्यावरच खेळा. काळोखातला काळा रंग त्यावर जास्त छान दिसतो.

जॉय-कॉनचंही, म्हणजे यंत्राच्या दोन बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरचंही, लक्षात ठेवा. जुने जॉय-कॉन नव्या यंत्राला कडेनं बसत नाहीत, नवे चुंबकानं चिकटतात. जुने बिनतारी जोडले की चालतात. रिंग फिटसारख्या गेमला, जिथे जॉय-कॉन एका कड्यात अडकवायचा असतो, तिथे जुनेच लागतात. म्हणून जुन्या यंत्राबरोबर जॉय-कॉन देऊन टाकू नका.

त्या रात्री आम्ही प्रत्यक्ष केलं ते असं. जुना स्विच ताज्या अपडेटवर आणला, दोन्ही चार्जरला लावले. नवा पहिल्यांदाच सुरू करत होतो, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण अख्ख्या यंत्राचं ट्रान्सफर सुरुवातीच्या मांडणीतच विचारलं जातं. घाईघाईत 'पुढे' दाबत गेलात तर ती संधी निघून जाते. नव्यावर खातं उघडलं, जुन्यावर सेटिंगमध्ये जाऊन स्विच 2 कडे ट्रान्सफर निवडलं. दोन्ही एकमेकांना बिनतारी शोधतात. खाती, सेव्ह, सेटिंग येतात. गेम स्वतः येत नाहीत, ते इंटरनेटवरून पुन्हा उतरतात. घरातलं वायफाय धिमं असेल तर हे रात्रभर चालतं, म्हणून झोपायच्या आधी लावून ठेवा.

त्याच्या जुन्या मायक्रोएसडीवर तो अडला. स्विच 2 ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड लागतं. साध्या कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे उचलता येतात, गेम नाहीत. कारण वेगाचं आहे: साध्या मायक्रोएसडीचा नेहमीचा जोड सेकंदाला साधारण 104 मेगाबाइटवर अडतो, एक्स्प्रेसचा 985 पर्यंत जातो. नवे गेम त्या वेगावर भिस्त ठेवून बनवले जातात. यंत्रात 256 जीबी आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी महागडं कार्ड घेण्याची घाई करू नका.

डाउनलोड केलेल्या गेमचा हक्क आता 'व्हर्च्युअल गेम कार्ड' म्हणून दिसतो. एका वेळी एकाच यंत्रात ते 'घातलेलं' असतं. एकातून काढायचं, दुसऱ्यात घालायचं, जणू खरंच कार्ड आहे. कुटुंबातल्या माणसाला 14 दिवसांसाठी उसनंही देता येतं. उलट बाजूला 'गेम-की कार्ड' आहे. ते दिसतं खऱ्या कार्डासारखं, पण त्यात गेम नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा इंटरनेटवरून सगळा गेम उतरवावा लागतो आणि खेळताना दर वेळी कार्डही घालावं लागतं. खोक्यावर तसं छापलेलं असतं, घेताना वाचा. सर्व्हर बंद होईल तेव्हा या किल्लीचं काय होणार, हा प्रश्न मला खरोखर सतावतो. थ्रीडीएसचं दुकान बारा वर्षांत बंद झालं, हे आपण पाहिलंय.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथल्यासाठी निन्टेंडोचं ई-शॉप नाही, त्यामुळे बहुतेक जण खात्याचा देश अमेरिका वगैरे ठेवतात. स्विचची कार्डं कुठल्याही देशातली चालतात, पण गेमचा वाढीव भाग त्याच प्रदेशाचा घ्यावा लागतो. युरोपातलं कार्ड आणि अमेरिकेच्या दुकानातला वाढीव भाग, असा मेळ बसेलच असं नाही. थ्रीडीएस तर पुरताच प्रदेशाशी बांधलेला होता. जपानमधून कुणी स्विच 2 आणणार असेल तर आधी फोन करून नीट सांगा: तिथे 2025 मध्ये 49,980 येनला आलेला स्वस्त स्विच 2 फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच खातं लागतं. आणि अमेरिकेतून आलेला थ्रीडीएसचा जुना चार्जर थेट आपल्या 230 व्होल्टच्या भिंतीत खुपसू नका. त्यावर बारीक अक्षरात 120 व्होल्ट लिहिलेलं असतं. स्विचचा चार्जर 100 ते 240 व्होल्टचा आहे, त्याला फक्त पिन बदलणारा ॲडाप्टर पुरतो.

आता ती राखून ठेवलेली वाट. 2003 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर रूबीमध्ये पकडलेला पोकेमॉन, म्हणजे त्या खेळातला प्राणी, आजही स्विचपर्यंत येऊ शकतो. डीएसच्या खालच्या खाचेत रूबी आणि वरच्या खाचेत डीएसचा पोकेमॉन डायमंड घालून तो एक पिढी पुढे आणायचा. मग दोन डीएस समोरासमोर ठेवून पुढच्या पिढीत. तिथून थ्रीडीएसवरच्या पोकेमॉन बँकेत, म्हणजे पोकेमॉन ऑनलाइन साठवणाऱ्या ॲपमध्ये, आणि बँकेतून 2020 मध्ये सुरू झालेल्या पोकेमॉन होममध्ये. ही एकतर्फी वाट आहे, मागे फिरता येत नाही. वाटेतलं प्रत्येक यंत्र चालू हवं, आणि खालची खाच असलेला डीएस त्यात हवाच, डीएसआयनं काम होत नाही. बँकेचं ॲप दुकान बंद होण्याआधी उतरवून ठेवलेलं हवं. म्हणून जुनं यंत्र मोडीत काढायला माझा जीव धजत नाही. नव्या यंत्राकडे जाणारा रस्ता कधी कधी जुन्यातूनच जातो.

रात्री साडेअकराला भाच्याचा गेम नव्या पडद्यावर उघडला. लाकडी पुलाच्या ज्या टोकाला तो दुपारी थांबला होता, तिथेच त्याचा खेळाडू उभा होता, पाठीवर तीच ढाल. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, नुसता पुलावरून इकडून तिकडे पळत राहिला.

जुना स्विच विकायचा विचार त्यानं स्वतःहून सोडला. बॅटरी रिकामी पडून राहिली तर खराब होते, फुगूही शकते, सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायलाच हवी, हे त्याला सांगितलं. त्यानं खोक्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि स्केचपेननं लिहिलं: दोन्ही पाडव्यांना चार्ज करणे.